नेटवर्क मार्केटिंग : सही करण्याआधी गिऱ्हाईक शोधा

"एक चांगली संधी आहे, फोनवर नाही सांगता येणार. रविवारी अर्धा तास काढ." असा फोन महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत कधी ना कधी येऊन गेलेला असतो. करणारा परका नसतो. मावसभाऊ असतो, जुनी वर्गमैत्रीण असते, सोसायटीतल्या काकू असतात, मुलाच्या क्लासचे सर असतात. म्हणून नाही म्हणणं जड जातं. हो म्हटल्यावर खोलात जाऊन चौकशी करणं तर त्याहून जड, कारण ती आपल्याच माणसावर अविश्वास दाखवल्यासारखी वाटते. हा लेख त्या रविवारच्या आधी वाचावा म्हणून लिहिला आहे. ज्यांचा आयडी, म्हणजे कंपनीतला सभासद क्रमांक, आधीच निघाला आहे, त्यांच्यासाठीही शेवटी काही आहे.

माझं मत आधीच मांडून ठेवतो. नेटवर्क मार्केटिंगचा धंदा मुळात बेकायदा नाही, आणि त्यात सचोटीने माल विकून घरखर्चाला हातभार लावणारी माणसं आहेत. पण प्रत्येक कंपनीचा, प्रत्येक प्लॅनचा कस एकाच प्रश्नावर लागतो. ज्याला आयडी नको, कमिशन नको, रँक नको, असा साखळीबाहेरचा माणूस हीच वस्तू याच किमतीला दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा विकत घेतो का? घेत असेल तर तो व्यापार आहे. घेत नसेल तर नव्याने आत येणाऱ्यांच्या पैशातून आधी आलेल्यांचे पेआउट निघत आहेत, मग वर पावडरचा डबा असो, पाण्याचं यंत्र असो की ऑनलाइन कोर्स.

दारोदार जाऊन माल विकण्यात कमीपणा काहीच नाही. युरेका फोर्ब्सचे विक्रेते १९८२पासून घराघरांत जाऊन व्हॅक्यूम क्लीनर आणि पुढे पाणी शुद्ध करायची यंत्रं दाखवत आले. आयुर्विम्याचे एजंट तर तीन-तीन पिढ्यांच्या ओळखीचे असतात. तिथे विकणाऱ्याला मुख्यतः स्वतःच्या विक्रीचे पैसे मिळतात. नेटवर्क मार्केटिंगमध्ये त्यावर आणखी एक थर चढतो : तुम्ही आणलेल्या माणसाच्या, आणि त्याने आणलेल्या माणसाच्या खरेदी-विक्रीवरही तुम्हाला वाटा मिळतो. १९५९मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात सुरू झालेली अ‍ॅमवे भारतात १९९८मध्ये आली. मोदीकेअर १९९६ची, वेस्टीज २००४ची. हा दुसरा थर असण्यातही गैर नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७९मध्ये अ‍ॅमवेच्या खटल्यात कंपनीचा प्लॅन पिरॅमिड, म्हणजे निव्वळ नव्या भरतीच्या पैशावर चालणारी साखळी, नसल्याचा निर्णय दिला, तो कंपनीच्या तीन नियमांकडे बघून. न खपलेला माल परत घेतला जाई, आधीच्या मालातला ७० टक्के निकाली काढल्याशिवाय नवा उचलायचा नव्हता, आणि दर महिन्याला किमान दहा किरकोळ गिऱ्हाइकांना विक्री दाखवावी लागे. म्हणजे निवाडा गिऱ्हाइकावर येऊन ठरला. त्याच निर्णयात कमाईचे फुगवून केलेले दावे मात्र कमिशनने चुकीचे ठरवले होते.

मग या धंद्याचं नाव इतकं खराब का? कारण त्याच्या वेषात आलेल्या योजनांनी लोकांना लुबाडलं. २०११मध्ये स्पीक एशिया ही कंपनी गाजली. ११ हजार रुपये भरायचे, आठवड्याला दोन ऑनलाइन सर्वेक्षणं भरायची, त्याचे हजार रुपये घ्यायचे आणि पुढे माणसं जोडत जायची. सुमारे २४ लाख लोक त्यात होते. ही सर्वेक्षणं कोणाला हवी आहेत आणि त्यांचे पैसे कोण देतो, हे फार थोड्यांनी विचारलं. जानेवारी २०२५मध्ये दादरला टोरेस नावाच्या कंपनीच्या दुकानासमोर पैसे अडकलेल्या गुंतवणूकदारांची गर्दी उसळली. तिथे मॉइसनाइटचे खडे होते, दर आठवड्याला परताव्याचं आश्वासन होतं आणि नवीन माणूस आणला की बक्षीस. भाजी विकणाऱ्यांपासून पगारदारांपर्यंत अनेकांनी आयुष्याची पुंजी घातली होती. या योजनांना नेटवर्क मार्केटिंग म्हणावं की नाही यावर या क्षेत्रातले लोक वाद घालतील, आणि त्यात तथ्यही आहे. पण ज्याच्या घरातले दोन लाख गेले त्याला दोन्हीकडचा फोन सारखाच आला होता, दोन्हीकडच्या सभेत टाळ्या तशाच वाजत होत्या.

प्लॅन दाखवताना कागदावर गोल काढले जातात. मध्ये तुम्ही, खाली पाच गोल, प्रत्येकाखाली आणखी पाच. फक्त पाच, असं म्हटलं जातं. तेरावी पायरी आली की हा आकडा १२२ कोटींवर जातो, म्हणजे २०११च्या जनगणनेतल्या भारताच्या लोकसंख्येहून जास्त. हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं आणि त्यावरचं उत्तरही लीडरकडे तयार असतं : "तिथपर्यंत कोण जातंय, आपल्याला चारच लेव्हल पुरे." म्हणून त्याच कागदावर दुसरं गणित करून बघा. सगळ्यांनी ठरल्याप्रमाणे पाच-पाच माणसं आणली, कोणीही मागे पडलं नाही, तरी कोणत्याही क्षणी साखळीतले ८० टक्के लोक सगळ्यात खालच्या ओळीत असतात आणि त्यांच्याखाली कोणीच नसतं. खालच्या दोन ओळी मिळून ९६ टक्के. साखळी कितीही वाढली तरी हे प्रमाण हलत नाही. खालचा माणूस आळशी आहे म्हणून खाली आहे, असं सभेत सांगतात. खरं तर तो कागदाच्या आकारामुळे खाली आहे. त्याला तिथे बसूनही चार पैसे मिळायचे असतील तर ते मालाच्या किरकोळ विक्रीतूनच मिळतील, दुसरी वाट नाही.

या उद्योगाच्या स्वतःच्या संघटनेने, इंडियन डायरेक्ट सेलिंग असोसिएशनने, दिलेले आकडेही बघा. २०२३-२४मध्ये देशातली थेट विक्री सुमारे २२ हजार कोटी रुपयांची झाली आणि सक्रिय विक्रेते होते सुमारे ८८ लाख. राज्यांमध्ये महाराष्ट्र सगळ्यात पुढे. भागाकार केला तर एका विक्रेत्यामागे वर्षाला २५ हजारांची उलाढाल येते, म्हणजे महिन्याला दोन हजारांच्या आसपास. ही उलाढाल आहे, कमाई नव्हे. त्यात विक्रेत्याने स्वतःच्या घरी वापरायला घेतलेला मालही आला. २० टक्के सुटतात असं धरलं तर सरासरी चारशे रुपये. काही जण सरासरीच्या खूप वर असतील, आणि म्हणूनच तिच्या खाली त्यांच्याहून कितीतरी जास्त असतील. अमेरिकेतही चित्र वेगळं नाही. फेडरल ट्रेड कमिशनच्या कर्मचाऱ्यांनी २०२४मध्ये ७० कंपन्यांची कमाईची पत्रकं तपासली, तेव्हा बहुसंख्य सभासदांना वर्षभरात हजार डॉलर किंवा त्याहून कमी मिळाल्याचं दिसलं, आणि तेही खर्च वजा न करता.

आता कायदा. दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. पहिली, १९७८चा प्राइझ चिट्स अँड मनी सर्क्युलेशन स्कीम्स बंदी कायदा. पैशाची साखळी चालवणं तर गुन्हा आहेच, पण अशा योजनेचं सभासद होणं आणि इतरांना ओढणंही या कायद्याने मना केलं आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैदेची. "मीही फसलोय" हे खरं असलं तरी ज्या वीस जणांकडून तुम्ही पैसे घेऊन वर पाठवले, त्यांच्या तक्रारीत नाव तुमचंच येणार. कंपनीचा मालक त्यांनी कधी पाहिलेलाही नसतो.

दुसरी गोष्ट, ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम. डिसेंबर २०२१मध्ये आलेल्या या नियमांनी थेट विक्रीला रीतसर चौकट दिली आणि पिरॅमिडला स्पष्ट बंदी घातली. कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय भारतात हवं. विक्रेत्याशी लेखी करार हवा, त्याला ओळखपत्र द्यायला हवं, तक्रार निवारण अधिकारी नेमायला हवा. करार केल्यावर ठरावीक मुदतीत विनादंड बाहेर पडता येतं. विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय कोणाच्या दारात जाऊ नये, असंही त्यात आहे. त्याआधी २०१६मध्ये केंद्राने दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत प्रवेश शुल्क घेऊ नये, माणूस जोडल्याबद्दल पैसे देऊ नयेत आणि विकण्याजोगा माल परत घ्यावा, असं सांगितलं होतं. म्हणून कोणी "जॉइनिंग पाच हजार, त्यात किट फुकट" म्हणालं तर पावतीवर नेमकं काय लिहिलंय ते बघा. वस्तूंची नावं, एमआरपी, जीएसटी यांच्या जागी नुसतं "रजिस्ट्रेशन" किंवा "पॅकेज" असेल, तर तिथेच थांबा.

मोठं नाव आहे, जुनी कंपनी आहे, एवढ्याने निश्चिंत होऊ नये. एप्रिल २०२२मध्ये सक्तवसुली संचालनालयाने अ‍ॅमवे इंडियाची ७५७ कोटींहून अधिक मालमत्ता तात्पुरती जप्त केली. चौकशी २०११पासूनची असून आपण सहकार्य करत आलो आहोत, असं कंपनीने तेव्हा सांगितलं. यात कोण बरोबर ते न्यायालय ठरवील. आपल्यापुरता मुद्दा एवढाच की कंपनीचं नाव ऐकून चौकशी थांबवायची नसते.

चौकशी सुरू करायची ती वस्तूपासून. प्रोटीन पावडरचं उदाहरण घ्या, कारण ती या धंद्यात फार चालते. डब्यामागचा तक्ता वाचा. १०० ग्रॅममध्ये प्रोटीन किती ते पाहा आणि डब्याच्या किमतीवरून एक ग्रॅम प्रोटीन किती रुपयांना पडतं ते काढा. मग औषधाच्या दुकानात जाऊन तिथल्या दोन डब्यांवर तेच करा. दहा मिनिटांचं काम आहे. फरक थोडा असेल तर हा माल बाहेर विकता येईल. दुपटीचा असेल तर तो फक्त सभासदच घेतील, आणि तेही आयडी अ‍ॅक्टिव्ह राहावा म्हणून. साबण, टूथपेस्ट, चहा, सगळ्यांना हीच रीत लावावी. "आमची कॉन्सन्ट्रेटेड आहे, थोडी लागते" हे खरं असू शकतं. मग आठवडाभर घरात वापरून प्रत्यक्ष किती लागते ते मोजा.

यानंतर ज्याने फोन केला त्यालाच शांतपणे विचारा : तुझी अशी किती गिऱ्हाइकं आहेत ज्यांचा आयडी नाही? गेल्या महिन्यात त्यांनी काय काय घेतलं? खरोखर विकणारा माणूस लगेच सांगायला लागतो. अमक्या वहिनी फेसवॉश नेतात, समोरचे आजोबा दर महिन्याला चहा नेतात. तो या प्रश्नाने खुलतो. ज्याच्याकडे उत्तर नाही तो तुम्हाला हॉटेलमधल्या सेमिनारला यायला सांगतो. कमाईचा पुरावा म्हणून बँकेतली एखादी जमा झालेली रक्कम दाखवली, तर त्याच महिन्याचा खर्चही विचारा. प्लॅन बायनरी असेल, म्हणजे लेफ्ट आणि राइट अशा दोन लेगचा, तर आणखी एक विचारावं. पैसे साधारणपणे कमजोर लेगवर मोजतात. मग मजबूत लेगमध्ये उरलेल्या पॉइंटचं पुढे काय होतं? ते पुढच्या महिन्यात धरले जातात की फ्लश होतात, म्हणजे वाया जातात? कॅपिंग, म्हणजे कमिशनची कमाल मर्यादा, किती? उत्तर तोंडी नको, करारातलं कलम दाखवायला सांगा.

माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेच्या घरी लोखंडी कपाटावर खोक्यांची रांग असायची. शेंदरी झाकणांचे डबे, बहुतेकांची मुदत संपत आलेली. महिन्याच्या २८-२९ तारखेला अपलाइनचा, म्हणजे साखळीत त्यांच्या वर असलेल्या माणसाचा, फोन यायचा, रँकसाठी थोडेच पॉइंट कमी आहेत, रीपर्चेस (पुन्हा खरेदी) टाका. त्या टाकायच्या. वर्षअखेरीस हिशेब मांडला तेव्हा कमिशन म्हणून आलेली रक्कम कपाटावरच्या मालाच्या किमतीपेक्षा कमी भरली. त्या हुशार होत्या, मेहनती होत्या. फक्त घरखर्चाच्या वहीत तो माल "किराणा" म्हणून लिहिला जात होता, त्यामुळे तोटा दिसतच नव्हता.

म्हणून धंदा करायचाच असेल तर वेगळी वही घाला. आवकेत दोन रकाने ठेवा : बाहेरच्या गिऱ्हाइकांना विकून सुटलेले पैसे, आणि साखळीतून आलेलं कमिशन. खर्चात सगळं धरा. पेट्रोल, नाश्ता-चहा, सेमिनारचं तिकीट, लॉजची खोली, प्रेरणादायी पुस्तकं, न खपलेला माल, आणि घरी वापरलेल्या मालासाठी बाजारभावापेक्षा जास्त मोजलेली रक्कम. कमिशनवर टीडीएस कापला जातो, विवरणपत्रात ते उत्पन्न दाखवावं लागतं. सहा महिने असं लिहा. पहिल्या रकान्यातून खर्च भागत नसेल, तर धंदा दुसऱ्या रकान्यावर उभा आहे, आणि तो रकाना तुमच्या हातात नाही. कर्ज काढून, दागिने ठेवून, भिशीची रक्कम घालून यात कोणी माल उचलू नये. लीडर कितीही जवळचा असला तरी नाही.

खरी संधी कोणाला आहे, तेही सांगायला हवं. ज्याच्याकडे गिऱ्हाईक आधीपासून येतं त्याला. पार्लर चालवणारी बाई रोज बायकांच्या त्वचेवर हात फिरवते. कोणाला कोणतं क्रीम चालेल हे तिला कळतं, आणि तिने सुचवलेली वस्तू नाही आवडली तर गिऱ्हाईक पुढच्या महिन्यात येऊन तोंडावर सांगतं. अशा ठिकाणी दोन-तीन चांगल्या वस्तू ठेवल्या तर महिन्याला काही हजार सुटू शकतात, आणि एकही माणूस जोडावा लागत नाही. योग शिकवणारे, शिवणकाम करणाऱ्या, लहान गावात घरून दुकान चालवणारे यांचंही तसंच. आणखी एक लाभ या क्षेत्राचे टीकाकार मान्य करत नाहीत, मला तो महत्त्वाचा वाटतो. घराबाहेर कधी चार माणसांत न बोललेल्या कितीतरी बायका इथे उभं राहून बोलायला शिकल्या, हिशेब करायला, एकट्याने प्रवास करायला शिकल्या. हे शिक्षण खरं आहे. ते घेऊन पुढे विमा, घरगुती खाद्यपदार्थ, कपडे यांच्या विक्रीत अनेकींना उभं राहता येतं.

दोन ठिकाणी मात्र अजिबात पाय घसरू देऊ नये. एक, आजाराची गोष्ट. "मधुमेह जातो, गोळी बंद होते, गाठ विरघळते" असलं काही बोलू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे पाठवू नका. मधुमेह, रक्तदाब, कर्करोग बरा करण्याच्या जाहिरातींवर १९५४च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने बंदी आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, तुमच्या शब्दावर कोणी इन्सुलिन थांबवलं तर काय होईल याचा विचार करा. दोन, सरकारी नोकरी. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ प्रमाणे शासकीय कर्मचाऱ्याला पूर्वपरवानगीशिवाय व्यापार करता येत नाही. जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळांच्या शिक्षकांनी आपापल्या सेवाशर्ती आधी वाचाव्यात. आयडी बायकोच्या नावावर काढून प्लॅन मात्र स्टाफरूममध्ये दाखवायचा, ही पळवाट चौकशीत टिकत नाही. वरिष्ठाने हाताखालच्याला किंवा शिक्षकाने पालकांना जोडायला जाणं तर सरळ दडपण आहे.

नातेवाइकांना नाही कसं म्हणायचं, हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. माल आणि आयडी वेगळे करा. "वस्तू चांगली वाटली तर तुझ्याकडून विकत घेईन, आयडी मात्र काढणार नाही." या वाक्यात अपमान नाही, उलट त्याला हवं असलेलं खरं गिऱ्हाईक मिळतं. घरातलाच कोणी यात ओढला गेला असेल तर चेष्टा करू नका. चेष्टा झाली की तो सभेतल्या माणसांच्या आणखी जवळ जातो, कारण तिथे त्याचं कौतुक होतं. त्याच्याबरोबर वही मांडायला बसा. आकडे त्याच्याच हाताने लिहू द्या.

आणि ज्यांना बाहेर पडायचं आहे, त्यांनी आधी करार काढून परतीची मुदत आणि माल परत घेण्याचं कलम वाचावं. राजीनामा ईमेलने पाठवावा, अपलाइनला तोंडी सांगणं पुरेसं नसतं. पावत्या, पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट, कमाईची आश्वासनं असलेले मेसेज जपून ठेवावेत, ग्रुप सोडण्याआधीच. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडून उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. पैसे ऑनलाइन फसवणुकीत गेले असतील तर त्याच दिवशी १९३०वर फोन करावा. ठेवीसारखा परतावा कबूल करून पैसे घेतले असतील तर रिझर्व्ह बँकेच्या सचेत पोर्टलवर आणि पोलिसांत तक्रार द्यावी. तुमच्या शब्दावर ज्यांनी आयडी काढला, त्यांना तुम्ही थांबल्याचं दुसऱ्या कोणाकडून कळायच्या आत स्वतः जाऊन सांगा. बाहेर पडायची मुदत ज्याच्या त्याच्या कराराच्या तारखेपासून मोजली जाते. कोणाची अजून शिल्लक आहे ते त्यांच्याबरोबर बसून बघा, आणि ज्यांची शिल्लक आहे त्यांचा अर्ज आधी पाठवा.